शेवटच्या रांगेसाठी घडलेला आवाज

इलेक्ट्रिक गिटारच्या टोनविषयी वादक बोलायला लागले की चर्चा बहुधा गिटारपाशीच घुटमळते. लाकूड महोगनीचं की ॲशचं, पिकअप एकेरी गुंडाळीचे की दुहेरी, तारा जाड की बारीक, यावर तासन्‌तास खल होतो. यातली एकही गोष्ट फालतू नाही. पण रॉकच्या मैफलींतून जगभर गेलेला तो भरदार, कडांना किंचित फाटलेला, एकदा छेडला की लांबवर टिकून राहणारा आवाज आला कुठून, याचा माग काढायला लागलं की वाट गिटारच्या कारखान्याकडे जात नाही. ती जाते पश्चिम लंडनमधल्या ड्रमच्या एका दुकानाकडे, तिथल्या पबांकडे आणि नाचाच्या हॉलांकडे. १९६२ ते १९७० या काळात हा आवाज घडला. घडवणाऱ्यांना तेव्हा एवढंच हवं होतं, की आपलं वाजवणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं. माझं म्हणणं असं आहे, की प्रत्यक्ष मैफलीतला गिटारचा टोन मुळात जागेच्या गरजेतून आणि सामानाच्या टंचाईतून आकाराला आला. वाद्य आणि वादक यांनी त्या चौकटीत आपापलं काम केलं.

मराठी संगीत रंगभूमीच्या रसिकाला हे नवं वाटू नये. ध्वनिक्षेपक येण्याआधी नटाला पद शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोचवावं लागे. त्या गरजेतून आवाज लावण्याची एक धाटणी तयार झाली, आणि पुढे माइक आला तरी नाट्यसंगीताची खूण म्हणून ती लोकांच्या कानात राहिली. गिटारच्या बाबतीत तर वीज आली तीच मुळी आवाज पुरत नव्हता म्हणून. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी तव्यासारखी दिसणारी हवाईयन गिटार बाजारात आणली, ती वाद्यवृंदात गिटार बुडून जायची म्हणून. चार्ली ख्रिश्चन १९३९ साली बेनी गुडमनच्या ताफ्यात गेला आणि गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीनं एकल वादनाची जागा मिळाली, ती गिब्सनच्या इलेक्ट्रिक गिटारमुळे आणि तिच्या छोट्या अँप्लिफायरमुळे. मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीहून शिकागोला आला आणि लवकरच साधी गिटार सोडून विजेच्या गिटारकडे वळला. दारूच्या गुत्त्यांतल्या कलकलाटात साध्या गिटारीचा निभाव लागत नव्हता. तिन्ही ठिकाणी अडचण एकच होती, ती म्हणजे ऐकू जाण्याची.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. आवाज फाटणं हा त्याच्या दृष्टीनं दोष होता, आणि दोष काढणं हे त्याचं काम. डिक डेल नावाचा डावखुरा तरुण बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूममध्ये हजारो नाचणाऱ्यांसमोर जाड तारांवर इतक्या जोरात वाजवायचा, की फेंडरचे अँप्लिफायर एकामागून एक जळायचे. फेंडरनं त्याच्यासाठी मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर करवून घेतला, पंधरा इंची भक्कम जेबीएल स्पीकर बसवला, आणि ‘शोमन’ हा अँप्लिफायर तयार झाला. तो प्रचंड मोठा वाजे, तरीही आवाज स्वच्छ राही. इथेच माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप उभा राहतो. गरज जर तीच होती, तर कॅलिफोर्नियात स्वच्छ आणि लंडनमध्ये फाटलेला आवाज का निपजला? उत्तर सामानात आहे. फेंडरच्या हाताशी अमेरिकेचा इलेक्ट्रॉनिक उद्योग होता, महागडे स्पीकर होते, ते घेऊ शकणारं गिऱ्हाईक होतं. मोठ्या आवाजासाठी लागणारी ताकद आणि ती पेलणारा स्पीकर या दोन्ही गोष्टी त्याला एकदम मिळाल्या. लंडनमध्ये त्या एकदम मिळाल्या नाहीत.

महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये डॉलर वाचवण्यासाठी अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते, ते १९५९ साली उठले. त्याच वर्षी शॅडोज या वाद्यवृंदातल्या हँक मार्विनच्या हाती फेंडरची लाल स्ट्रॅटोकास्टर आली, तेव्हा तिथल्या पोरांना ते परग्रहावरचं वाद्य वाटलं असणार. निर्बंध उठले तरी किमती आवाक्याबाहेरच होत्या, म्हणून देशी माल पुढे आला. केंटमधल्या डार्टफर्डला टॉम जेनिंग्जच्या कंपनीत डिक डेनी यानं १९५८ साली पंधरा वॉटचा ‘व्हॉक्स एसी १५’ तयार केला. शॅडोजची लोकप्रियता वाढली तशी किंकाळ्या मारणाऱ्या प्रेक्षकांपुढे तो कमी पडू लागला, आणि पाठोपाठ दोन बारा इंची सेलेस्चन स्पीकरांचा ‘एसी ३०’ आला. लहान हॉलमध्ये तो पुरायचा. ड्रमवाला जोरकस असला, तर तोही पुरेना.

पश्चिम लंडनच्या हॅनवेलमधल्या अक्सब्रिज रोडवर जिम मार्शल यानं १९६० साली दुकान काढलं होतं. तो स्वतः ड्रम वाजवायचा आणि शिकवायचा, त्यामुळे सुरुवातीला दुकानात ड्रमच असत. शिकायला येणारी पोरं आपल्या गिटारवाल्या मित्रांना घेऊन येत, आणि ते तक्रार करत की हवा तसा अँप्लिफायर मिळत नाही. मिळतो तो परवडत नाही. पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर, बिग जिम सलिव्हन ही त्यातली काही नावं. दुकानात दुरुस्तीचं काम पाहणारा केन ब्रॅन आणि ईएमआयमध्ये शिकाऊ उमेदवार असलेला अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांनी फेंडरचा ‘बेसमन’ समोर ठेवून त्याची नक्कल करायला घेतली. १९६२च्या सप्टेंबरात पहिला अँप्लिफायर तयार झाला, त्याला पुढे ‘जेटीएम ४५’ हे नाव मिळालं. जेटीएम म्हणजे जिम आणि त्याचा मुलगा टेरी मार्शल. आराखडा जवळजवळ सगळा फेंडरचाच होता. मूळ ‘बेसमन’ही बास गिटारसाठी बनवलेला, म्हणजे गिटारवादकांनी आधीच त्याला त्याच्या नेमलेल्या कामावरून हलवलं होतं.

नक्कल करताना जे फरक पडले ते नीट पाहण्यासारखे आहेत, कारण पुढचा सगळा इतिहास त्यांत आहे. ‘बेसमन’मध्ये गिटारचा क्षीण संकेत आधी १२एवाय७ या व्हॉल्व्हमध्ये जातो. या व्हॉल्व्हचा वर्धनांक चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास असतो. मार्शलच्या पोरांनी तिथे बसवला ईसीसी८३, जो ब्रिटनमध्ये सहज मिळायचा आणि ज्याचा वर्धनांक शंभर आहे. म्हणजे पहिल्याच पायरीवर संकेत दुपटीहून जास्त मोठा होऊन पुढच्या पायऱ्यांवर आदळू लागला. व्हॉल्व्हला सोसवेल त्याहून मोठा संकेत मिळाला की लाटेचे उंच शेंडे कापले जातात, आणि कापल्या गेलेल्या लाटेतून मूळ सुरात नसलेले उपस्वर निघतात. शिवाय शेंडे कापले गेल्यानं जोरात छेडलेला आणि हळू छेडलेला सूर यांतलं अंतर कमी होतं. तार विझत चालली तरी कानाला ती बराच वेळ तशीच ऐकू येते. गिटारचा ‘सस्टेन’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याचा मोठा हिस्सा या कापाकापीतून येतो.

दुसरा फरक स्पीकरचा. फेंडरच्या खोक्यात दहा इंची चार जेन्सन स्पीकर असत आणि खोका मागून उघडा असे. आवाज मागेही जाई, हॉलभर पसरे. मार्शलच्या अँप्लिफायरसमोर दोन स्पीकर टिकेनात, म्हणून बारा इंची चार सेलेस्चन बसवले गेले. एकेका स्पीकरची क्षमता जेमतेम पंधरा-वीस वॉट होती. खोका मागून बंद केला गेला. बंद खोक्यात स्पीकरच्या मागची लाट पुढच्या लाटेला छेद देत नाही, त्यामुळे खालचे सूर छातीवर आपटल्यासारखे समोर येतात. कागदी शंकूचे हे स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं काही वाजवतच नाहीत, आणि ही उणीव इथे वरदान ठरली. फाटलेल्या संकेतातले चिरके उपस्वर स्पीकरनंच गाळून टाकले आणि फाटकेपणाला मऊ कडा आली. तोच संकेत घरच्या हाय-फाय स्पीकरवर लावून पाहिला तर माशी घोंगावल्यासारखा ऐकू येतो. थोडक्यात, ज्या आवाजावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या भाळल्या त्यात एका हाताशी असलेल्या व्हॉल्व्हचा आणि एका मर्यादित स्पीकरचा वाटा आहे, आणि दोन्ही निवडी त्या टोनच्या शोधात झालेल्या नव्हत्या.

१९६५ साली द हू या चौकडीत चढाओढ लागली. कीथ मूनच्या ड्रमपुढे ऐकू जावं म्हणून बासवादक जॉन एंटविसलनं मोठे मार्शल घेतले, तेव्हा टाउनशेंडला आपली गिटार ऐकू येईना, म्हणून त्यानंही घेतले. मग दोघांनी मिळून शंभर वॉटची मागणी केली. मार्शलनं शंभर वॉटचा अँप्लिफायर बनवला आणि टाउनशेंडच्या हट्टापायी आठ स्पीकरांचा एकच अजस्र खोका. तो उचलताना सामान वाहणारी माणसं मेटाकुटीला आली, म्हणून त्याचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले गेले. पुढे रॉकच्या मंचाचं चिन्ह बनलेली मार्शलची उतरंड ही अशी हमालांच्या पाठीचा विचार करून जन्मली. इथे थोडं गणित करायला हवं. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. पंचेचाळीसवरून शंभर वॉटवर जाऊन मिळाले साडेतीन डेसिबल, म्हणजे जाणवेल एवढाच फरक. मग वादकांनी काय केलं? बटण शेवटपर्यंत फिरवलं. ताकद वाढूनही आवाज पुरत नव्हता, म्हणून अँप्लिफायर कायम आपल्या मर्यादेच्या टोकावर चालत राहिले, आणि तिथेच ते फाटतात.

आवाज पुरत का नव्हता, याचं कारण मंचाबाहेर आहे. त्या काळी मैफलीतल्या ध्वनिक्षेपण यंत्रणेवर फक्त गाणं येत असे. गिटार, बास आणि ड्रम यांनी स्वतःच्या बळावर हॉल भरायचा, हीच रीत होती. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी सुमारे ५५,६०० प्रेक्षकांसमोर वाजवलं. व्हॉक्सनं त्यांच्यासाठी खास शंभर वॉटचे अँप्लिफायर दिले होते, आणि गाणं गेलं ते सामन्याच्या घोषणा करण्यासाठी बसवलेल्या स्टेडियमच्या भोंग्यांवरून. किंकाळ्यांमध्ये स्वतःचंही वाजवणं त्यांना ऐकू येत नव्हतं. पुढच्या वर्षी २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी शेवटची जाहीर तिकीट-मैफल केली. त्यामागे इतरही कारणं होती, पण ऐकूच न येणं हे त्यातलं एक ठसठशीत कारण होतं.

मोठ्या आवाजाचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उतरंडीतला वरचा खोका गिटारच्या पिकअपच्या उंचीला येतो. आवाज पुरेसा मोठा असला की स्पीकरनं ढकललेली हवा तारांना पुन्हा हलवते, तार पिकअपला संकेत देते, तो अँप्लिफायरमधून पुन्हा स्पीकरकडे जातो. वर्तुळ पूर्ण होतं आणि सूर विझतच नाही. सभांमध्ये माइक शिट्टी मारतो ते हेच, फक्त इथे शिट्टीच्या जागी तारेचा सूर असतो. हा फीडबॅक गिटारमध्ये नसतो आणि अँप्लिफायरमध्येही नसतो. तो त्या दोघांमधल्या हवेत असतो. वादक दोन पावलं सरकला, अंग वळवलं, हॉल रिकामा असला किंवा भरला, की तो बदलतो. माणसांचे कपडे आणि शरीरं वरचे सूर शोषून घेतात, त्यामुळे दुपारी रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेला टोन रात्री भरल्या हॉलमध्ये तसा उरत नाही. टाउनशेंड आणि जेफ बेक यांनी या वर्तुळाला वाद्याचा भाग केलं.

जिमी हेंड्रिक्सनं ते पूर्णत्वाला नेलं. २४ सप्टेंबर १९६६ रोजी तो लंडनमध्ये उतरला. त्याचा ड्रमवादक मिच मिचेल लहानपणी मार्शलच्या दुकानात काम केलेला, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. हेंड्रिक्सनं अँप्लिफायर फुकट न मागता पूर्ण पैसे मोजले, असं मार्शल पुढे आठवणीनं सांगत. हेंड्रिक्सच्या पायाशी ‘फझ फेस’ हा आवाज फाडणारा, लंडनमधल्या आर्बिटर कंपनीचा गोल डबा असे. त्यातले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवे. दिव्यांच्या झोतात तापले की त्यांची वागणूक बदलते, आणि एकाच डब्याचा आवाज वेगवेगळ्या संध्याकाळी वेगळा येतो. हेंड्रिक्सची गिटार अँप्लिफायरला जोडणारी वेटोळ्यांची लांब तारही टोनमध्ये भर घालायची. लांब तारेची विद्युतधारिता वरचे सूर खाते, आणि मार्शलचा चिरकेपणा त्यानं थोडा बोथट होतो. १८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉक महोत्सवाच्या चिखलात त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, तेव्हा मध्येच येणारे ते लांबट कल्लोळ या वर्तुळातूनच आले. वादकाची प्रतिभा त्यात आहेच. पण ती प्रतिभा ज्या पदार्थावर काम करत होती, तो पदार्थ मोठ्या आवाजानं पुरवला होता.

आता आणखी आक्षेप. पहिला असा: फाटलेला आवाज मार्शलच्या आधीही होता, असं म्हटलं जातं, आणि ते खरं आहे. १९५१ साली मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’मध्ये विली किझार्टच्या अँप्लिफायरला वाटेत इजा झाली होती, म्हणून गिटार खरखरली. लिंक रेनं १९५८च्या ‘रंबल’साठी पेन्सिलीनं स्पीकरला भोकं पाडली. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या गाण्याच्या वेळी नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा एक भाग बिघडला; त्या बिघाडावरून ‘फझ-टोन’ ही पेटी निघाली आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सनी ती जगभर गाजवली. १९६४ साली डेव्ह डेव्हिसनं ब्लेडनं छोट्या स्पीकरचा कागद चिरला, आणि त्याच्या किंक्स या बँडचं पहिलं मोठं गाणं त्यावर उभं राहिलं. ही सगळी उदाहरणं मान्य करूनही मला वाटतं, की त्यांतून उलटच सिद्ध होतं. किझार्टचा आणि नॅशव्हिलचा आवाज अपघात होता. रे आणि डेव्हिस यांना स्पीकर फाडावा लागला, कारण त्यांच्या अँप्लिफायरचा आवाज हव्या त्या रीतीनं फाटत नव्हता. या सगळ्यांत फाटकेपणा एका गाण्याचा चमत्कार म्हणून आला. रोज रात्री, प्रत्येक हॉलमध्ये, प्रत्येक गाण्यात तोच पायाभूत टोन म्हणून वापरणं शक्य झालं ते कायम टोकावर चालणाऱ्या मोठ्या अँप्लिफायरमुळेच.

दुसरा आक्षेप गिटारच्या बाजूचा. एरिक क्लॅप्टननं १९६६ साली जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर वाजवलं तेव्हा त्याच्या हाती १९६०च्या सुमाराची गिब्सन लेस पॉल होती; मग श्रेय त्या गिटारचं का नाही? दुहेरी गुंडाळीचे तिचे पिकअप सेथ लव्हर यानं विजेची घरघर घालवण्यासाठी बनवलेले होते, आणि त्यांचा संकेत तगडा असल्यानं व्हॉल्व्ह लवकर फाटतो, हे खरंच आहे. पण ही गिटार १९५०च्या दशकापासून बाजारात होती. ती इतकी कमी खपली की १९६०-६१च्या सुमारास गिब्सननं ती बंद करून वेगळ्या आकाराची गिटार आणली. कुणालाही तिच्यात हा आवाज ऐकू आला नव्हता, कारण तिच्यापुढे तो अँप्लिफायर नव्हता. क्लॅप्टन ती पंचेचाळीस वॉटच्या मार्शलमध्ये लावून डेका कंपनीच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या स्टुडिओत गेला, तेव्हा मंचावर जेवढा आवाज ठेवायचा तेवढाच ठेवणार म्हणून अडून बसला. ध्वनिमुद्रक गस डजन यानं अखेर माइक लांब ठेवून जमवलं. ती तबकडी निघाल्यावर लोक जुन्या लेस पॉल शोधू लागले, आणि १९६८ साली गिब्सनला ती पुन्हा बनवायला घ्यावी लागली. क्लॅप्टनची ती मूळ गिटार १९६६च्या उन्हाळ्यातच चोरीला गेली. पुढे क्रीम या बँडमध्ये त्यानं दुसऱ्या गिटारी आणि शंभर वॉटचे मार्शल घेतले, आणि १९६७मध्ये त्याचा टोन आणखी दाट झाला.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत आदरणीय: टोन बोटांत असतो. मी त्याला विरोध करत नाही, फक्त तो कुठे खरा ठरतो ते सांगतो. अँप्लिफायर स्वच्छ राहिला तर बोटांचा जोर केवळ लहान-मोठा आवाज देतो. तो फाटण्याच्या काठावर असला तर तोच जोर स्वच्छतेपासून फाटकेपणापर्यंतचा सगळा पल्ला उघडतो. हळू छेडलं तर घंटेसारखा सूर, जोरात छेडलं तर गुरगुर. हेंड्रिक्स गिटारचं आवाजाचं बटण थोडं मागे घेऊन ‘फझ फेस’ जवळजवळ स्वच्छ करत असे, ते याच गुणामुळे. बोटांना एवढी भाषा मिळाली ती टोकावर चालणाऱ्या यंत्रामुळे. बोटं नसती तर ते यंत्र मुकंच राहिलं असतं, हेही तितकंच खरं.

गिटारनं स्वतःच्या बळावर हॉल भरण्याची परिस्थिती बदलायला फार काळ लागला नाही. चार्ली वॉटकिन्स यानं १९६७च्या ऑगस्टमध्ये विंडसरच्या जॅझ आणि ब्लूज महोत्सवात त्याच्या वेम कंपनीची एक हजार वॉटची ध्वनिक्षेपण यंत्रणा उभी केली. तोवर शंभर-दोनशे वॉट म्हणजे खूप झाले, अशी समजूत होती. दोन वर्षांत वुडस्टॉकला बिल हॅन्लीनं लाखोंच्या जमावापर्यंत आवाज पोचवला. आता गिटारच्या अँप्लिफायरसमोर माइक लागू लागला आणि हॉल भरण्याची जबाबदारी त्याच्यावरून गेली. पण माइक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे चार बोटं सरकवला तरी आवाज चिरक्याचा बोथट होतो, म्हणजे टोन ठरवणारा एक नवा माणूस मंचाच्या बाजूला येऊन उभा राहिला. ग्रेटफुल डेड या बँडनं १९७४ साली त्याला हटवून पाहिलं: औझ्ली स्टॅन्लीच्या कल्पनेतून त्यांनी सुमारे सहाशे स्पीकरांची भिंत आपल्या पाठीमागे उभी केली, म्हणजे वादक जे ऐकतील तेच प्रेक्षक ऐकतील. ती ओढत नेण्याचा खर्च इतका होता की वर्ष संपायच्या आत ती मोडली.

मोठ्या आवाजाची गरज संपल्यावर मोठ्या आवाजाचा टोन संपायला हवा होता. तसं झालं नाही, आणि हाच माझ्या युक्तिवादाचा कस आहे. वादक आणि श्रोते दोघांच्याही कानांना तो टोन म्हणजेच गिटार अशी सवय झाली होती, म्हणून पुढची पन्नास वर्षं उद्योग तोच आवाज कमी आवाजात कसा मिळवायचा यामागे लागला. १९७५ साली मार्शलनं मास्टर व्हॉल्यूमचं बटण दिलं: आधीचे व्हॉल्व्ह फाडायचे, पण शेवटी आवाज लहान करायचा. बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला अभियंता. त्यानं १९८०च्या सुमारास अँप्लिफायरची ताकद स्पीकरपर्यंत पोचण्याआधीच उष्णतेत घालवणारी पेटी काढली. १९९८ साली लाइन ६ कंपनीचा, अँप्लिफायरची नक्कल करणारा ‘पॉड’ आला आणि २०११च्या सुमारास जर्मनीतल्या ख्रिस्तोफ केंपरनं खऱ्या अँप्लिफायरचा ठसा घेणारं यंत्र आणलं. आज अनेक मंचांवर एकही स्पीकर नसतो. वादक कानातल्या बोळ्यांतून स्वतःला ऐकतात. कुणी म्हणेल, मग आवाजाचा आणि टोनचा संबंध संपलाच की. पण ही यंत्रं नक्कल करतात ती कुणाची? एखाद्या बंद खोलीत पूर्ण आवाजात चालवलेल्या मार्शलची, त्याच्या बंद खोक्याची आणि त्या खोक्यासमोर ठेवलेल्या माइकची. १९६२ साली ज्या टंचाईतून ते सगळं आलं, तिचाच हा ठसा आहे.

आणि कानही जुन्या नियमानंच चालतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे आणि टोकाचे वरचे सूर कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ते आपोआप पुढे येतात. घरी रात्री हळू आवाजात ठरवलेला टोन हॉलमध्ये गेल्यावर घुमतो आणि बोचतो, याचं कारण हेच. घरी कानाची उणीव भरून काढायला बास आणि ट्रेबल वाढवलेले असतात, आणि मैफलीत ती उणीवच उरत नाही. मधले सूर, जे घरी कर्कश वाटले म्हणून काढून टाकले, नेमके तेच ड्रम आणि बासच्या गर्दीतून गिटारला बाहेर काढतात.

या सगळ्याची किंमतही चुकती झाली. ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्ल्टन फुटबॉल मैदानावर द हूची मैफल जगातली सर्वांत मोठ्या आवाजाची म्हणून गिनीज बुकात गेली. टाउनशेंडच्या कानांना पुढे कायमची इजा झाली. स्टुडिओतल्या हेडफोननाही तो दोष देतो. १९८९च्या दौऱ्यात तो बहुतेक वेळ साधी गिटार वाजवत होता आणि इलेक्ट्रिकसाठी दुसरा वादक सोबत होता. आज तेवढी किंमत द्यायची गरज नाही. पुण्या-मुंबईत, पणजीत किंवा कुठल्याही कॉलेजच्या सभागृहात वाजवणाऱ्या तरुण वादकांना माझं सांगणं आहे: गिटार बदलण्याआधी हॉलमध्ये जा. मैफलीत ठेवणार तेवढ्याच आवाजात, ड्रम आणि बास चालू असताना, स्पीकरसमोर प्रेक्षक जिथे बसणार तिथे उभं राहून टोन ठरवा. गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेल्या खोक्याला लागून उभं राहून ऐकलंत तर वरचे सूर तुम्हाला ऐकूच येणार नाहीत, आणि पहिल्या रांगेला तेच टोचतील. लोक भरल्यावर पुन्हा एकदा ऐका, ट्रेबल थोडा वाढवावा लागेल. आणि हे सगळं करताना वादकांसाठी मिळतात ते कानातले बोळे घाला.